शनवार तेल्यांचे कीर्तन

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी असलेले नर्सी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांचा काळ 1270 ते 1350 असा सांगतात. त्यांची पदे पंजाबात पोहोचली, गुरु ग्रंथसाहिबात त्यांतली 61 समाविष्ट झाली आणि घुमान हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. ज्या कीर्तनपरंपरेचा आद्य कीर्तनकार म्हणून मराठी माणूस नामदेवांकडे बोट दाखवतो, तिचा आणखी एक प्रवास मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच कीर्तन कोकणातल्या आणि मुंबईतल्या मराठी ज्यूंनी, म्हणजे बेने इस्राएलांनी, आपले केले आणि त्यातून अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा झांजांच्या साथीने मराठीत गायल्या जाऊ लागल्या. या घटनेकडे बहुतेक अभ्यासक सांस्कृतिक देवाणघेवाणीचे गोड उदाहरण म्हणून पाहतात आणि पुढे जातात. माझ्या मते तिचे मोल त्याहून बरेच मोठे आहे. यहुदी धर्मात दर आठवड्याच्या ग्रंथवाचनाबरोबर जे एक काम अनिवार्य मानले गेले होते, आणि जे या समाजात शतकानुशतके खंडित झाले होते, ते काम मराठी कीर्तनाने पुन्हा सुरू केले.

ते काम कोणते, हे कळण्यासाठी आधी वाचनाची पद्धत पाहिली पाहिजे. तोराह म्हणजे मोशेच्या नावाने ओळखले जाणारे पाच ग्रंथ. चर्मपत्राच्या गुंडाळीवर ते हाताने लिहिलेले असतात आणि वर्षभरात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पूर्ण करायचे असतात. त्यासाठी त्यांचे 54 भाग पाडले आहेत. प्रत्येक भागाला पाराशा म्हणतात आणि त्याला त्याच्या आरंभीच्या शब्दांवरून नाव मिळते: बेरेशीथ, नोआह, लेख लेखा, वायेरा. शब्बाथला, म्हणजे शनिवारी सकाळी, पूर्ण पाराशा वाचतात आणि वाचनासाठी सात जणांना क्रमाने वर बोलावतात. पुढच्या पाराशाचा आरंभीचा तुकडा शनिवारी दुपारी आणि मग सोमवारी व गुरुवारी सकाळी वाचला जातो, त्यामुळे आठवडाभर समाज एकाच कथेच्या किंवा एकाच नियमाच्या सोबतीने वावरतो. शरद ऋतूत, आपल्या आश्विनाच्या आसपास, सिम्हाथ तोराहच्या दिवशी शेवटचा भाग संपतो आणि त्याच बैठकीत सृष्टीच्या उत्पत्तीपासून पुन्हा आरंभ होतो. यहुदी पंचांगही चांद्र-सौर असल्याने त्यात आपल्यासारखाच अधिक महिना येतो. तो नसलेल्या वर्षी काही पाराशा जोडून वाचाव्या लागतात. प्राचीन पॅलेस्टाइनमध्ये हेच वाचन सुमारे तीन वर्षांत पुरे करण्याचीही रीत होती, पण अखेर बाबिलोनची वार्षिक पद्धत जगभर रुजली.

वाचन झाले म्हणजे कर्तव्य संपले, असे मात्र या परंपरेने कधीच मानले नाही. इ.स.पू. पाचव्या शतकात बाबिलोनहून परतलेल्या लोकांसमोर एज्राने यरुशलेममध्ये तोराह वाचली तेव्हा लोकांना समजावून सांगणारी माणसे त्याच्यासोबत उभी होती, असे नहेम्याच्या ग्रंथाचा आठवा अध्याय सांगतो. पुढे लोकांची बोली अरामी झाली तेव्हा हिब्रू वचनांमागोमाग त्यांचे अरामी भाषांतर मोठ्याने सांगणारा माणूस सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, नेमला जाऊ लागला. तालमूद या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथात तर प्रत्येक यहुद्याने त्या त्या आठवड्याची पाराशा दोनदा मूळ भाषेत आणि एकदा भाषांतरात वाचावी असा दंडकच आहे. म्हणजे मूळ वाचन आणि लोकभाषेतला उलगडा ही एकाच धर्मकृत्याची दोन अंगे. एक अंग गळले तर पाराशा वाचली जाते, पण समाजात उतरत नाही. माझा सगळा युक्तिवाद या मुद्द्यावर उभा आहे.

बेने इस्राएलांच्या बाबतीत तर ही दोन्ही अंगे गळली होती. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बरोबरचे ग्रंथ समुद्राने गिळले. ही घटना केव्हाची यावर अभ्यासकांचे एकमत नाही आणि ते आपल्या विषयाला आवश्यकही नाही. महत्त्वाची आहे ती नंतरची शतके. कोकणातल्या गावांत हे लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. खवले आणि पर नसलेला मासा घरात शिजत नसे. सणांना मराठी नावे पडली: दारफळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक विधीत 'शेमा' हे एकेश्वराची ग्वाही देणारे हिब्रू वचन म्हटले जाई, आणि हिब्रूतले जवळजवळ तेवढेच उरले होते. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने मलिद्याचे ताट मांडले जाई. या यादीत नियम आहेत, विधी आहेत, निष्ठा तर आहेच. नाही तो ग्रंथ. शनिवारी काम का करायचे नाही याचे उत्तर सृष्टीच्या कथेत आणि मिसरच्या गुलामगिरीच्या कथेत आहे, आणि त्या कथा सांगणारे पुस्तक त्यांच्याजवळ नव्हते. नियम टिकले होते, त्यांची कथा हरवली होती.

ग्रंथ परत आला तो टप्प्याटप्प्याने. दाविद राहाबी नावाच्या परक्या यहुदी गृहस्थाने या समाजाला ओळखले, शिकवले आणि तीन घराण्यांना काजी म्हणून नेमले ही आठवण समाजात आहे, पण तिचा काळ वेगवेगळे लोक वेगवेगळा सांगतात. निश्चित इतिहास सुरू होतो तो सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांच्यापासून. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले हे अधिकारी टिपूविरुद्धच्या लढाईत कैद झाले, सुटले, आणि 1796 मध्ये त्यांनी मुंबईत शाआर हारहमीम हे बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग बांधले. त्यानंतर तोराहच्या गुंडाळ्या मिळवण्यासाठी ते कोचीनला गेले आणि 1797 मध्ये तिथेच वारले. पुढे 1826 च्या सुमारास कोचीनहून शिक्षक आले आणि 1833 मध्ये आलेल्या श्लोमो सालेम शुर्राबी यांनी 1856 मध्ये मृत्यू येईपर्यंत लोकांना प्रार्थनापद्धती शिकवली. रेवदंड्यात 1842, अलिबागेत 1848, पनवेलमध्ये 1849, पेणमध्ये 1863, ठाण्यात 1879 अशी सिनेगॉग उभी राहत गेली. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत एका विखुरलेल्या ग्रामीण समाजाने पाराशांचे वार्षिक चक्र पुन्हा फिरते केले, ही लहानसहान गोष्ट नव्हे. पण वाचन हिब्रूत होते. गुंडाळीत स्वरचिन्हेही नसतात, त्यामुळे ते वाचणे हे शिकलेल्या माणसाचेच काम. समोर बसलेल्या तेल्याला, गवंड्याला, पलटणीतल्या शिपायाला आणि वेगळ्या बसलेल्या बायकांना नाद कळत होता, आशय नाही.

आशय सांगायला पहिले पुढे आले ते ख्रिस्ती मिशनरी, आणि हे मान्य केल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिकपणे सांगता येत नाही. अमेरिकन मराठी मिशनने बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढल्या. तोराह ज्यात येते त्या जुन्या कराराचे मराठी भाषांतर मिशनऱ्यांनीच छापले. 1829 मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले आणि पुढे त्यांच्या विद्यालयात बेने इस्राएल तरुण हिब्रू शिकले. म्हणून कोणी असे म्हणू शकेल की तोराहची कथा या समाजाला मिशनने परत दिली, कीर्तनाने फक्त तिला चाल लावली. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते निम्मे. मिशनऱ्यांच्या हातात अब्राहाम आणि मोशे हे येशूपर्यंत नेणारे टप्पे होते. कथा तीच, पण तिचा शेवट त्यांनी आधीच ठरवून ठेवलेला. बेने इस्राएलांनी शाळा घेतली, व्याकरण घेतले, छापील मराठी मजकूर घेतला; धर्मांतर मात्र फारच थोड्यांनी केले. याचा अर्थ त्यांना आपल्या कथेचा आपला शेवट हवा होता. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानाने डेव्हिड ससून यांच्या शाळेत शिकवत असतानाच हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे एकामागून एक केली ती याच निकडीतून. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या वल्हांडणाच्या सणाला वाचल्या जाणाऱ्या हग्गादाला मराठी भाषांतर तर आहेच, शिवाय त्यातल्या चित्रात लुगडे नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. आपल्या धर्माचा उलगडा आपल्या भाषेत आपणच करायचा, हा निर्धार 1870 च्या दशकात पक्का झाला होता.

तरीही छापील पुस्तक वाचता येणाऱ्यापुरतेच असते. 1880 मध्ये मुंबईतल्या काही बेने इस्राएल तरुणांनी कीर्तने सुरू केली तेव्हा त्यांनी ही मर्यादा ओलांडली. काळही अनुकूल होता. हरिदासी कीर्तन मुंबई-पुण्यात भरात होते. प्रार्थनासमाजाने नामदेव-तुकारामांचे अभंग उपासनेत आणले होते. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तने करत होते. त्याच 1880 च्या ऑक्टोबरात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले. गाऊन कथा सांगणे ही त्या पिढीची शिक्षणाची, करमणुकीची आणि वादविवादाची भाषा होती. बेने इस्राएलांनी तिच्यातली साकी, दिंडी, अभंग, ओवी घेतली. मूर्ती आणि पुराणे वगळली. आणि आख्यानाच्या जागी तोराहमधली आणि संदेष्ट्यांची चरित्रे बसवली. ही आख्याने पुढे छापली गेली आणि नव्या चाली मिळत गेल्या तशी नवी पदेही रचली गेली.

या कथा आख्यानात इतक्या सहज का बसल्या, ते खुद्द पाराशांची बांधणी पाहिली की कळते. योसेफाची कथा चार आठवड्यांत वाटलेली आहे आणि तोडण्याच्या जागा विलक्षण आहेत. पहिला भाग संपतो तो तुरुंगातल्या योसेफाला सुटून गेलेला प्यालेबरदार विसरतो तिथे. दुसरा संपतो तो धाकट्या बिन्यामीनच्या गोणीत चांदीचा प्याला सापडतो आणि त्याला गुलाम म्हणून ठेवून घेण्याचा निकाल होतो तिथे. श्रोता आठवडाभर अडकून राहतो. मग तिसऱ्या शनिवारी यहूदा पुढे होतो. ज्याने एके काळी एका भावाला वीस रुप्यांना विकण्याचा सल्ला दिला होता, तोच आता दुसऱ्या भावाऐवजी मला ठेवा म्हणतो. पश्चात्ताप म्हणजे काय, याचा याहून स्वच्छ पाठ मला दुसरा माहीत नाही: तीच परीक्षा पुन्हा समोर यावी आणि माणसाने या वेळी वेगळे वागावे. कोणताही मुरलेला कीर्तनकार पूर्वरंगात पश्चात्तापाचा सिद्धांत मांडून उत्तररंगात हीच कथा घेईल.

किंवा वायेरा ही पाराशा पाहा. तिच्या आरंभी अब्राहाम भर उन्हात आलेल्या तीन अनोळखी पाहुण्यांना पाणी, सावली आणि जेवण देतो, आणि अखेरीस तोच अब्राहाम मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवतो. अतिथिधर्म आणि पुत्राची आहुती एकाच भागात. मराठी श्रोत्याला ही जोडी परकी नाही, कारण श्रियाळ-चांगुणा आणि चिलया बाळाचे आख्यान त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. तिथे अतिथीच मुलाचे मांस मागतो, आईबाप ते शिजवतात, आणि मग बाळ जिवंत होते. तोराहमध्ये मात्र सुरी उचललेला हात वरच्यावर थांबवला जातो. साम्य श्रोत्याला कथेत ओढते आणि फरक त्याला धडा देतो: या देवाला नरबळी नको. हिब्रूचे एक अक्षर न येणाऱ्या बाईलाही हा फरक मराठी कीर्तनात कळू शकतो, कारण तुलनेचे दुसरे पारडे तिच्या मनात आधीच तयार आहे. हेच काम अरामी भाषांतरकार करत होता, आणि ते कीर्तनकाराला त्याच्यापेक्षाही अधिक चांगले साधते असे मला वाटते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. तोराह म्हणजे काही नुसत्या गोष्टी नव्हेत. दुसऱ्या ग्रंथाच्या उत्तरार्धात पवित्र मंडपाच्या खांबांची आणि पडद्यांची मापे आहेत. तिसऱ्या ग्रंथात होमार्पणे, शुद्धाशुद्धता, त्वचारोगाची तपासणी यांवर पाराशाच्या पाराशा आहेत. कीर्तनाने यातले काय उचलले? गोष्टी घेतल्या आणि कायदा सोडला, मग हा तोराहचा उलगडा की तोराहची निवडक गोष्टीमाला? उत्तर देताना अकराव्या शतकातल्या राशी या फ्रेंच भाष्यकाराची आठवण होते. त्याच्या भाष्याचा आरंभच एका प्रश्नाने होतो: तोराह हा धर्मनियमांचा ग्रंथ असेल तर तो मिसरमधल्या पहिल्या आज्ञेपासून का सुरू होत नाही, सृष्टीच्या कथेपासून का? त्याचे उत्तर काहीही असो, कथा आणि कायदा यांचे नाते काय हा प्रश्न यहुदी परंपरेने आपल्या सर्वांत प्रतिष्ठित भाष्याच्या दारातच ठेवला आहे. आता बेने इस्राएलांची परिस्थिती पाहा. इतर देशांतल्या यहुद्यांकडे ग्रंथ आणि आचार दोन्ही होते. यांच्याकडे आचार होता. शब्बाथ कसा पाळायचा हे घाणा बंद ठेवणाऱ्याला कीर्तनकाराने सांगण्याची गरज नव्हती. कोणता मासा चालतो हे त्याच्या बायकोला चुलीपाशी ठाऊक होते. उणीव कथेची होती, आणि कीर्तनाने नेमकी तीच भरली. दुसऱ्या एखाद्या यहुदी समाजात हे साधन अपुरे ठरले असते. इथे ते गरजेच्या मापाचे होते.

दुसरा आक्षेप अनुकरणाचा आहे. हिंदू शेजाऱ्यांची उपासनापद्धती उचलली म्हणजे धर्म पातळ झाला, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही भेटतात. पण मधल्या ऐंशी वर्षांचा क्रम या मताच्या विरुद्ध साक्ष देतो. समाज आपल्या धर्मापासून दूर जात असताना कीर्तन आलेले नाही. सिनेगॉग उभी राहिली, हिब्रू शिकवली जाऊ लागली, प्रार्थनाग्रंथ भाषांतरित झाले, आणि त्यानंतर कीर्तन आले. जगातल्या यहुद्यांशी नाते घट्ट होत असतानाच या लोकांनी मराठी रूप निवडले. शिवाय कीर्तनाने सिनेगॉगमधल्या हिब्रू वाचनाची जागा घेतली नाही. ते त्याच्या बाहेर, घरांत आणि सभागृहांत, त्याला पूरक म्हणून उभे राहिले. हाइम सॅम्युएल केहीमकरांनी 1875 मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली आणि 1897 मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला, तोही याच आत्मविश्वासाच्या लाटेत.

तिसरा आक्षेप नर्सीशी लावलेल्या संबंधावर घेता येईल. नामदेव आणि 1880 यांत साडेपाचशे वर्षे आहेत, आणि वारकरी कीर्तन व हरिदासी कीर्तन यांच्या पद्धतीही वेगळ्या. हे बरोबरच आहे. सरळ वारसा दाखवण्याचा माझा दावा नाही. दावा तत्त्वाचा आहे. हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथला नामदेवांची एक कथा सांगतात. मंदिरासमोर चाललेले त्यांचे कीर्तन पुजाऱ्यांना नको झाले, त्यांना मागे जायला सांगितले, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. दंतकथा असली तरी मराठी समाजाने कीर्तनाविषयी काय मानले ते ती सांगते: ज्यांना पुढे जागा नाही, त्यांच्याकडे धर्म वळवण्याचे हे साधन आहे. बेने इस्राएलांनी साकी-दिंडीबरोबर ही धारणाही घेतली, आणि त्यांच्यातल्या स्त्रियांनी ती सर्वांत पुढे नेली. तोराहच्या वाचनाला ज्यांना कधी वर बोलावले जात नसे, त्या बायकांनी विसाव्या शतकात ही पदे वह्यांत उतरवून ठेवली, एकमेकींना शिकवली आणि इस्राएलला जाताना बरोबर नेली.

तिथे या समाजाची परीक्षा झाली. 1962 मध्ये इस्राएलच्या प्रमुख रब्बींनी बेने इस्राएलांच्या विवाहासाठी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. ग्रंथाशिवाय इतकी शतके काढलेल्यांना धर्माचे नियम पूर्ण पाळता आले असतील का, ही शंका त्यामागे होती. 1964 मध्ये यरुशलेममध्ये बेने इस्राएलांनी आंदोलन केले आणि पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारच्या काळात संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान यहुदी मानणारा ठराव केला. लोद, दिमोना, अश्दोद इथल्या वस्त्यांत मराठी पुढेही बोलली गेली, 'मायबोली' हे मराठी नियतकालिक तिथे निघू लागले, आणि मोशेची पदे मराठीतच गायली जात राहिली. महाराष्ट्रात आता मोजक्या हजारांत उरलेल्या या समाजाला 2016 मध्ये राज्य सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला.

मराठी कीर्तनाच्या इतिहासात मात्र या आख्यानांना अजून त्यांचे प्रकरण मिळालेले नाही. 1880 नंतर छापलेली बेने इस्राएल कीर्तने मराठी पद्यवाङ्मय आहेत. त्यांची भाषा, छंद आणि चाली यांचा अभ्यास मराठीच्या अभ्यासकांनी करायला हवा, आणि ज्या वृद्ध स्त्रियांच्या कंठात ती आहेत त्यांचे ध्वनिमुद्रण तर आजच व्हायला हवे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ हे हिंगोलीचेही विद्यापीठ आहे. नामदेवांच्या जिल्ह्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने तिथे या विषयाची नोंदणी करावी, आणि मार्गदर्शकांनी तो विषय परका म्हणून नाकारू नये.